दुसऱ्या बाजूनं चावतो की!

आमच्या जांब समर्थ गावात दात दुखत नाहीत, बाजू दुखते. 'डावी बंद आहे सध्या' एवढं सांगितलं की ऐकणारा पुढचं विचारत नाही, कारण त्याची उजवी बंद असते. अशी दोन माणसं पंगतीत शेजारी बसली की दोघांचं मिळून एक सबंध तोंड होतं. कडक भाकरीचा पापुद्रा एकाकडे जातो, आतला मऊ भाग दुसऱ्याकडे आणि दोघंही पोटभर जेवून उठतात.

दाताच्या उपचाराचा क्रम आमच्याकडे ठरलेला आहे. आधी लवंग. मग लवंगेचं तेल. मग मिठाच्या गुळण्या. मग कुंभार पिंपळगावच्या बाजारात मेडिकलवाल्याला 'दाढेची गोळी' मागायची. गोळीनं ठणका थांबला की दाढ बरी झाली असं जाहीर होतं. आतली नस मेली की दुखणं काही दिवस आपोआप थांबतं, हे कुणी सांगितलं तर ती बातमी आनंदाचीच वाटते. मेली ना? सुटलो. मग कधीतरी गाल सुजून डोळा बारीक झाला की सगळं घर एका सुरात म्हणतं, 'काढून टाका.'

आमचे नाना या पंथाचे अध्वर्यू. त्यांचा हिशेब बिनतोड आहे. "काढायला शेकड्यात लागतात, ठेवायला हजारात. मग ठेवायचा काऊन? दूध देतो का तो?"

आणि दाताकडून आम्ही जी कामं करून घेतो ती पाहता तो इतकी वर्षं राहतो याचंच नवल. आमचा जालना हा बियाण्यांचा जिल्हा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथंच महिको काढली आणि २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली तीही तिच्याच बियाण्याला. हे वाण शोधायला शास्त्रज्ञांची आयुष्यं गेली. पाकिटं फोडायला मात्र दातच आहेत. खताच्या गोणीची शिलाई, ठिबकच्या नळीचं टोक, फवारणीच्या पंपाचं अडकलेलं झाकण, सगळं दाताशी येऊन थांबतं. कात्री घरी असते, काम शेतात. दातावरचं इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे हे खरं. पण तो निसर्गानं भाकरीसाठी दिला, नायलॉनच्या दोऱ्याचं कुणी त्याच्या कानावर घातलं नव्हतं. वरून सुपारी. आणि गुटखा, ज्याच्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असल्यामुळे तो टपरीच्या फळीवर नसतो, फळीखाली असतो.

तरी गाव दवाखान्यात जात नाही. याचं एक ऐतिहासिक कारण मला सापडलं आहे, इतिहासकारांनी माफ करावं. समर्थ रामदास १६०८ च्या रामनवमीला आमच्या गावात जन्मले. परंपरा सांगते की १२ वर्षांचे रामदास, म्हणजे तेव्हाचे नारायण सूर्याजीपंत ठोसर, आसनगावच्या मांडवात बोहल्यावर उभे होते आणि भटजींनी 'सावधान' म्हणताच जे निघाले ते नाशिकजवळ टाकळीला जाऊन तपाला बसले. ऐन वेळी निघून जाण्याचा एवढा थोर वारसा लाभलेल्या गावाला दातांच्या डॉक्टरनं मशीन सुरू करून 'आ करा' म्हणावं, म्हणजे काय होणार? आमचा माणूसही सावध होतो. फक्त टाकळीपर्यंत जात नाही, समोरच्या चहाच्या टपरीवर थांबतो.

दासबोधाच्या तिसऱ्या दशकातला सहावा समास म्हणजे देहाला होणाऱ्या दुखण्यांची यादीच आहे. पारायणात तो समास आला की सगळे माना डोलावतात. निम्मी दुखणी प्रत्येकाला होऊन गेलेली असतात आणि उरलेली घरातल्या कुणाला तरी. ऐकून मन हलकं होतं. गाल सुजलेलाच राहतो.

खरी गडबड फार लहानपणी सुरू होते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागं एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडावा लागत नाही, त्यामुळे ती आल्याचं आईबापांच्या लक्षातही येत नाही. ही आयुष्यभराची दाढ. पण पोराला कीड लागली तर आजी म्हणते, "दुधाचीच आहे, पडंल." ती पडत नाही, किडते. तोंडातली सगळ्यात कष्टाळू दाढ आणि गावभर सगळ्यात आधी निघते तीच. नानांची डावीकडची खालची अशीच गेली. दुधाचे २० गेल्यावर ३२ येतात. त्या ३२ च्या मागं कुणी रांगेत उभं नसतं.

आमच्या गावाला हे पटणं जरा जड जातं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राममंदिरातल्या पंचधातूच्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. गावात कित्येक चुली पेटल्या नाहीत. ऑक्टोबर संपता संपता पोलिसांनी त्या शोधून आणल्या. गेलेले देव परत आलेले ज्या गावानं पाहिले, ते गेलेल्या दाढेची काय काळजी करणार? नाना तर त्या मोकळ्या जागेवरून जीभ फिरवत म्हणायचे, "जागा आहे ना शिल्लक. बघू."

जागा शिल्लक राहत नाही, हीच तर मेख आहे. हे समजवायला जबड्याचा नकाशा कामाचा नाही, सातबारा कामाचा. मधलं शेत पडीक ठेवून मालक पुण्याला गेला तर दोन्हीकडचे शेजारी काय करतात? दरवर्षी एकेक तास बांध कोरतात. दातांचंही तेच. मागची दाढ पुढं कलते. पुढचा दात मागं सरकतो. वरच्या जबड्यातली समोरची दाढ, जिला आता चावायला कुणी उरलेलं नाही, ती हळूहळू खाली उतरते आणि मोकळ्या जागेत पाय सोडून बसते. खालचं हाड, ज्याला धरून ठेवायला मूळ नाही, ते झिजत जातं. सगळं इतकं सावकाश की तक्रार करायला तारीखच सापडत नाही. दहा वर्षांनी मालक परत येतो आणि म्हणतो, इथं माझं शेत होतं.

नाना असेच परत आले. निमित्त वैनींचं. नानांच्या सूनबाई, आमच्या वैनी, यांचा समोरचा दात युरियाच्या गोणीची शिलाई ओढताना तिरपा तुटला. समोरचा दात म्हटल्यावर घरात 'काढून टाका' कुणी म्हणेना. दिसणारा दात आणि न दिसणारी दाढ यांना वेगवेगळे कायदे लागतात. त्यांना जालन्याला न्यायचं ठरलं आणि गाडीत जागा होती म्हणून नानाही बसले.

वैनींच्या दाताला रूट कॅनाल आणि वर कॅप असं ठरलं. रूट कॅनालमध्ये आतली नस काढून पोकळी भरतात. दात राहतो, पण आधीच तुटून, कोरून त्याच्या भिंती पातळ झालेल्या असतात. म्हणून त्याला चारी बाजूंनी धरून ठेवणारी टोपी लागते. ती बसायला दात सगळीकडून एक-दीड मिलिमीटर घासून कमी करतात. हे ऐकून नाना खुर्चीतून उठलेच. "तुटलेला नीट करायला आणलाय का अजून कमी करायला?" प्रश्न अगदीच वेडा नव्हता. न घासता टोपी चढवली तर दात जाड होईल, हिरडीपाशी कडा राहील आणि कडेत घाण. किती घासायचं आणि कुठं थांबायचं, सगळी कला त्यात आहे.

मग माप. एका पसरट चमच्यात गुलाबी लगदा भरून तो जबड्यावर दाबतात. हा लगदा समुद्री शेवाळातून काढलेल्या पदार्थाचा असतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत घट्ट होतो. त्या वेळात नाकानं श्वास घ्यायचा असतो. ते सोडून माणूस बाकी सगळं करतो. वैनींनी चमचा निघाल्यावर तोंड पुसलं आणि डॉक्टरांना मैत्रीच्या भावनेनं सांगितलं, "पीठ जरा कच्चं राहिलं." आता मोठ्या शहरांत तोंडात छोटा कॅमेरा फिरवून संगणकावर माप घेतात. तिथं पिठाचा दोष काढता येत नाही.

पुढं रंग. डॉक्टरांकडे दातांच्या रंगांची पट्टी असते, सगळीकडे चालणाऱ्या पट्टीत १६ छटा. 'ए' म्हणजे तांबूस तपकिरी, 'बी' पिवळसर, 'सी' करडी, 'डी' करड्यात तांबूस. वैनींनी साडीच्या दुकानातल्या अधिकारानं पट्टी हातात घेतली आणि सगळ्यात पांढरी छटा काढून दिली. डॉक्टर म्हणाले, शेजारच्या दाताशी जुळवावी लागेल. वैनी म्हणाल्या, मग शेजारचाही बदला. शेवटी 'ए-तीन'वर तडजोड झाली. नानांनी आपल्या दाताशी पट्टी लावून पाहिली. चाळीस वर्षांच्या तंबाखूची छटा त्या १६ मध्ये नव्हती.

पोर्सिलेनची दातासारखी दिसणारी टोपी बसवायची युक्ती डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड नावाच्या दंतवैद्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढली. त्याच्या मुलीचा मुलगा म्हणजे चार्ल्स लिंडबर्ग, ज्यानं १९२७ मध्ये एकट्यानं न थांबता विमानातून अटलांटिक ओलांडला. ही माहिती मी नानांना वेळ जावा म्हणून सांगितली. आतल्या खोलीत मशीन घोंगावत होतं. नाना म्हणाले, "आजोबा दिवसभर घरात हे चालवत असंल तर नातू उडून जाणारच."

कॅप कशाची, यावर आमच्याकडे लग्नाच्या याद्यांइतका खल होतो. आधीच्या पिढीत समोरच्या दातावर सोन्याची टोपी असलेला माणूस कारण नसताना हसायचा. आता तीन मुख्य प्रकार. नुसत्या धातूची कॅप दात कमी घासून बसते आणि मागच्या दाढेला वर्षानुवर्षं दगा देत नाही. आत धातू आणि वर सिरॅमिक अशी दुसरी, दिसायला बरी, पण वरचा टवका उडू शकतो आणि काही वर्षांनी हिरडीशी काळी रेघ डोकावते. तिसरी झिरकोनिया. हिची जन्मकथा मला फार आवडते. खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून मशीन कॅप कोरतं, पण मुद्दाम सुमारे २० टक्के मोठी. कारण नंतर ती १५०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात आणि ती आक्रसून मापात येते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंड वितळतं तेही याच आसपास. एवढ्या आगीतून निघालेली वस्तू वैनींच्या तोंडात जाणार म्हटल्यावर नानांना तिच्याबद्दल आदर वाटला.

माझं मत विचाराल तर अगदी मागच्या दाढेला धातूची कॅप झकास. पण ऐकतो कोण? जी दाढ फक्त डॉक्टरला आणि जांभई देताना समोर बसलेल्या माणसाला दिसते, तिच्यासाठी लोक पांढऱ्या रंगाचे जास्तीचे पैसे मोजतात आणि दिवसातून दोनदा घासायला मात्र वेळ नसतो.

वैनींचं मार्गी लागलं आणि डॉक्टरांनी सहज नानांना 'आ करा' म्हटलं. गाडी परत जायला अवकाश होता, त्यामुळे नानांना निघून जाता आलं नाही. आत सगळा बांध कोरलेला. मागची दाढ पुढं झुकलेली, वरची खाली आलेली. आता इथं ब्रिज करायचा तर आधी वरची दाढ थोडी घासून समपातळीत आणा, मग खालच्या दोन्ही शेजाऱ्यांना घासून त्यांच्यावर टोप्या चढवा आणि त्या दोन टोप्यांच्या मध्ये खोटी दाढ टांगा. तिन्ही एकसंध, एकत्रच बसतात. ही कल्पना नवी नाही. इटलीतल्या इट्रस्कन लोकांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सोन्याच्या पट्ट्या वळवून शेजारच्या दातांना खोटे दात बांधले होते.

नानांचा चेहरा मात्र तलाठ्यानं चुकीचा फेरफार दाखवल्यासारखा झाला. "गेली एक, आणि पैसे तिघांचे?"

ब्रिजचा हिशेब तिघांचाच होतो. मालक शेत सोडून गेला आणि बोजा शेजाऱ्यांच्या सातबाऱ्यावर चढला. शेजारचे दात आधीच किडलेले, त्यांना तसंही कॅप लागणारच असेल, तर ब्रिजसारखा सोयीचा उपाय नाही. पण दोन्ही धडधाकट असतील तर त्यांचं इनॅमल कायमचं जातं, ते पुन्हा उगवत नाही. हे मला नेहमी थोडं खटकतं आणि चांगला डॉक्टर ते आधीच सांगतो. शिवाय शेजाऱ्यांची ऐपत बघावी लागते. १९२६ मध्ये अँटे नावाच्या कॅनेडियन दंतवैद्यानं नियम सांगितला होता की आधाराच्या दातांच्या मुळांचं क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांइतकं तरी हवं. आता तो शब्दशः कुणी पाळत नाही, हिरडी आणि हाड किती घट्ट आहे ते बघतात. पण जामीनदाराचं क्षेत्र किती, हा प्रश्न सोसायटीप्रमाणे दंतशास्त्रानंही विचारलेला पाहून नाना थोडे निवळले.

शेजाऱ्यांना हात लावायचा नसेल तर इम्प्लांट. हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, काही महिने हाड त्याला धरेपर्यंत थांबायचं, मग वर कॅप. ब्रानेमार्क नावाच्या स्वीडिश संशोधकाला सशांवर प्रयोग करताना दिसलं की हाड टायटॅनियमला घट्ट बिलगतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे स्क्रू बसवले. आज हाच उपाय सगळ्यात चांगला गणला जातो, खर्चालाही सगळ्यात वरचा. नानांनी स्क्रूचं चित्र नीट पाहून विचारलं, "जालन्याचीच सळई का?" डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर त्यांचा त्यातला रस गेला. ज्या जिल्ह्याच्या सळयांवर घरं उभी राहतात, तिथल्या माणसानं परमुलखातलं लोखंड तोंडात का घ्यावं?

एक तिसरा उपायही आहे, तो सांगितला नाही तर जत्रेचा अपमान होईल. जत्रेत, बाजारात चादर अंथरून बसलेला दातवाला. समोर काचेच्या बरणीत कुणाकुणाचे दात. 'लगेच बसवून मिळेल, जेवायला जा.' तो खोटा दात शेजारच्या दातांना तारेनं आणि प्लॅस्टिकच्या लगद्यानं चिकटवून देतो. माप नाही, घासणं नाही, दुसरी खेप नाही. गिऱ्हाईक खरंच जेवायला जातं. पण त्या लगद्याखाली ब्रश पोचत नाही, हिरडी सडते आणि काही काळानं खोट्या दाताबरोबर दोन्ही खरे शेजारीही हलायला लागतात. नोंदणी नसलेल्यानं हा धंदा करू नये असा कायदा १९४८ पासून आहे. चादर त्याहून जुनी असावी. पैशांचीच अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथं वेळ जातो, खेपा होतात, शिकणारी पोरं दहादा आत डोकावतात. पण दातांची रांग दोन दातांनी कमी होऊन परत येत नाही.

नानांनी शेवटी ब्रिज करून घेतला. का, ते मला ठाऊक आहे. वैनींचा दात इतका बेमालूम बसला की त्या लग्नात चिवडाही हसून खाऊ लागल्या आणि सासऱ्याला ते सहन होईना.

बसवायच्या दिवशी निळा कागद आला. तो दातांमध्ये धरून डॉक्टर म्हणतात, 'चावा, घासा, उंच लागतंय का?' या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर असतं, 'बरं आहे.' समोरचा माणूस इतकं करतोय, त्याला उंच कसं म्हणायचं? मग रात्री तोंड मिटलं की आधी तो एकच दात टेकतो आणि सगळं डोकं ठणकतं. नानांनी भिडेपोटी तीच चूक केली आणि परत खेप झाली. दुसऱ्यांदा मात्र त्यांनी डॉक्टरांना तीनदा घासायला लावलं.

एकदा कॅप बसली म्हणजे खाली कीड लागत नाही, हा समज तर शिकलेल्या घरांतही आहे. कॅप किडत नाही, पण तिच्या कडेपाशी खरा दात उघडा असतो आणि किडीला तेवढा दरवाजा पुरतो. ब्रिजच्या मधल्या खोट्या दाढेखाली अन्न अडकतं ते नुसत्या ब्रशनं निघत नाही. त्याला बारीक ब्रश किंवा कडक टोकाचा फ्लॉस खालून ओवावा लागतो. वैनींना सुईत दोरा ओवायची सवय, त्यांना जमलं. नानांनी तो दोरा पाहून विचारलं, "याच्यात करदोटा होईल का?" आणि कॅप कधी निघालीच, तर ती डबीत घालून दवाखान्यात न्यायची. आमच्या एका मामांनी ती घरीच दोन थेंबांत चिकटणाऱ्या डिंकानं लावली. तिरकी बसली. डॉक्टरांनी काढली तेव्हा खालचा दातही तिच्याबरोबर आला. दुसऱ्या एकाची कॅप भाकरीबरोबर पोटात गेली. तिचं पुढं काय झालं हे त्यानं सांगितलं, पण जेवणाच्या वेळेला ते सांगण्यासारखं नाही.

नीट राखला तर ब्रिज दहा-पंधरा वर्षं चालतो. हा आकडा ऐकून नानांनी लगेच वॉरंटी कार्ड मागितलं, त्यावर शिक्का आहे का ते पाहिलं आणि मग महत्त्वाच्या मुद्द्याला हात घातला.

"डॉक्टर, ऊस खाता येईल का?"

"येईल की. पण सोलायचा कोयत्यानं."

नाना खुर्चीतून उतरले, चपला घातल्या आणि दारात जाऊन वळले. "कोयताच वापरायचा होता तर तिघांचे पैसे कशाला घेतले?"